बॅलेतली जोडी कशी पाहावी: 'पा द द' समजून घेण्याची क्रमवार रीत

कथक किंवा भरतनाट्यम बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला बॅलेत पहिली अडचण येते ती जोडीची. आपल्याकडे एकटी नर्तकी राधाही होते आणि कृष्णही. मान वळली, नजर फिरली की पात्र बदलतं. बॅलेत दोन देह खरोखर एकमेकांवर भार टाकतात. तिचा सगळा तोल काही क्षण त्याच्या एका तळहातावर उभा असतो. हे बघायची सवय नसली की डोळे दोनच गोष्टी शोधतात: त्याने तिला किती उंच उचललं आणि तिने किती गिरक्या घेतल्या. इतकी वर्षं बॅले बघून माझं मत ठाम झालं आहे की जोडीचा कस या दोन्हींत लागत नाही. तो लागतो उचलण्याच्या आधीच्या क्षणी आणि खाली ठेवतानाच्या क्षणी, म्हणजे भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो त्या सांध्यात. हे सांधे दिसायला लागावेत म्हणून डोळा कसा तयार करायचा, तेवढंच इथे क्रमाने मांडायचं आहे.

सुरुवात एकाच प्रवेशापासून करा

पहिल्याच दिवशी अख्खा 'स्वान लेक' बघायला बसू नका. त्यातला हंसांच्या तळ्याकाठचा, शापाने हंस झालेली ओडेट आणि राजपुत्र सिगफ्रिड यांचा संथ भाग घ्या. सहा-सात मिनिटांचाच आहे. तो निवडायचं कारण असं की त्याची गती इतकी धीमी आहे की प्रत्येक स्पर्श वेगळा दिसतो. शिवाय जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या या जागी लेव्ह इवानोव्हची मूळ रचना थोड्याफार फरकाने तशीच नाचतात, त्यामुळे पुढे तुलना करताना एकच मोजपट्टी हातात राहते.

ही रचना १८९५ ची, सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरातली. मारियुस पेतिपा आणि इवानोव्ह यांनी मिळून 'स्वान लेक' नव्याने बसवलं, त्यात तळ्याकाठचे प्रवेश इवानोव्हचे. संगीत त्याहून जुनं. चायकोव्स्कीने 'उंदिना' नावाचा एक ऑपेरा लिहून नंतर नष्ट केला होता. त्यातलं प्रेमी युगुलाचं द्वंद्वगीत त्याने इथे आणलं. गाणाऱ्यांच्या दोन आवाजांच्या जागी व्हायोलिन आणि चेलो आले. हे ठाऊक असलं की शेवटाकडे ती दोन वाद्यं एकमेकांत मिसळतात तेव्हा कान वेगळ्या तऱ्हेने ऐकतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या पहिल्या प्रयोगात सिगफ्रिड झालेला पावेल गेर्ट पन्नाशीचा होता. समोर पिएरिना लेन्यानी, त्या काळची सर्वांत तयारीची बॅलेरिना. सगळा भार एकट्या गेर्टवर नको म्हणून राजपुत्राचा मित्र बेनो मदतीला दिला गेला. ती मागे झुकून पडायची आणि बेनो झेलायचा. आज ज्या प्रवेशाला आपण दोघांच्या एकांताचा कळस मानतो, तो मुळात तिघांनी मिळून नाचायचा होता. जोडीचं नृत्य हे आधी भाराचं, हातांचं आणि वयाचं व्यवहारी गणित असतं, भावना त्यावर उभी राहते, हे यातून लख्ख दिसतं.

हा प्रवेश तीनदा बघा. पहिल्यांदा आवाजासकट, काहीही न शोधता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काय शोधायचं, ते पुढे येईलच.

नकाशा एकदा डोक्यात बसवून घ्या

पेतिपाच्या काळात घडलेला मोठा 'पा द द', म्हणजे दोघांचं नृत्य, ठरलेल्या क्रमाने जातो. दोघं येतात, मग संथ 'अदाज्यो', ज्यात ती त्याच्या आधाराने नाचते, मग त्याचं 'व्हेरिएशन', म्हणजे एकट्याचा छोटा नाच, मग तिचं, आणि शेवटी 'कोडा', जिथे दोघं पुन्हा एकत्र येऊन वेग वाढवतात. 'स्वान लेक'मधल्या काळ्या हंसाच्या प्रवेशातले ते प्रसिद्ध बत्तीस 'फुएते', म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा पाय फटकारत घेतलेल्या गिरक्या, कोडातच येतात. टाळ्या कोडाला जास्त पडतात. जोडी मात्र अदाज्योमध्ये कळते, म्हणून आपला वेळ तिथे घालवायचा.

एवढ्यासाठीच गाला कार्यक्रमांवर जोडीबद्दलचं मत बनवू नये असं मला वाटतं. तिथे 'डॉन किहोते' किंवा 'कोर्सेर'मधला दहा मिनिटांचा तुकडा गोष्टीतून कापून आणलेला असतो, अनेकदा दोन वेगळ्या देशांतून विमानाने आलेल्या कलाकारांनी थोडक्या तालमीवर उभा केलेला. कसब दिसतं, पण एकमेकांची सवय दिसत नाही.

दुसऱ्यांदा बघताना: फक्त त्याचे हात

आवाज बंद करा आणि नजर त्याच्या हातांवर ठेवा. नजर नर्तकीकडे ओढली जाईलच, कारण सगळी रचनाच त्यासाठी केलेली असते. पुन्हा परत आणा. व्हिडिओ असेल तर गती निम्मी करा. संकोच करू नका, बॅलेची तालीम घेणारेही तेच करतात.

आधी गिरकी घ्या. ती एका पायाच्या टोकावर उभी राहून फिरते आहे आणि त्याचे दोन्ही हात तिच्या कमरेशी जेमतेम टेकलेले आहेत. फिरण्याचा जोर तिचा. त्याचं काम एवढंच की तिचा उभा अक्ष ढळू नये. ती केसभर पुढे कलली तर बोटांनी सावरायचं, आणि सावरलं हे समोरच्याला कळता कामा नये. चांगल्या जोडीत हातांची हालचाल दिसतच नाही. कच्च्या जोडीत तीन खुणा दिसतात. तो तिची कमर ढकलत ढकलत आणखी एखादी गिरकी काढतो. तिचा टेकलेला पाय जागेवरून सरकतो, किंवा छोटीशी उडी मारून नवी जागा शोधतो. आणि त्याची मान खाली जाते, कारण तो तिच्या कमरेकडे बघत असतो. यातली शेवटची खूण सर्वांत बोलकी. ज्याला तिचा तोल हातांनी कळतो, त्याला तो डोळ्यांनी तपासावा लागत नाही.

मग 'प्रोमनाद' बघा. ती एक पाय मागे उचलून टोकावर स्थिर उभी असते आणि तो तिचा हात धरून तिच्याभोवती चालतो, त्यामुळे ती मूर्तीसारखी सावकाश वळते. इथे दोघांमधल्या अंतराकडे बघायचं. तो चालता चालता बोटभर जवळ आला किंवा लांब गेला तरी तिचा तोल त्या बाजूला ओढला जातो. उत्तम जोडीत ते अंतर पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेवढंच राहतं. हे साधायला त्याची पावलं किती सारखी पडावी लागत असतील याचा विचार करा. सवयीने चालणारा माणूस असं चालूच शकत नाही.

याच कौशल्याची सर्वांत अवघड परीक्षा जोडीच्या नाचात नाही, तर 'स्लीपिंग ब्यूटी'च्या रोझ अदाज्योमध्ये आहे. सोळा वर्षांची राजकन्या ऑरोरा चार राजपुत्रांचे हात एकामागून एक धरते. शेवटी ती एका पायावर स्थिर राहते, एक जण तिला फिरवून थांबतो, ती हात सोडते, दोन्ही बाहू वर नेते, आणि मग पुढच्याचा हात धरते. असं चार वेळा, पाय खाली न टेकता. प्रेक्षक तिच्या घोट्याकडे बघत श्वास रोखून बसतात. तुम्ही चौथ्या राजपुत्राच्या मनगटाकडे बघा. तिची ताकद संपत आली असेल आणि ती हातावर लटकत असेल, तर त्याचं मनगट थरथरतं. त्याने तरीही हात दगडासारखा ठेवला, तर त्या छोट्या भूमिकेत त्याने फार मोठं काम केलं. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव बारीक अक्षरांत असतं. ते मुद्दाम वाचा.

तिसऱ्यांदा: उचलणं ऐका

उचलण्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की तो उचलतो आणि ती उचलली जाते. प्रत्यक्षात दोघं एकाच वेळी गुडघे वाकवतात, ती उडी मारते, आणि उडी शिगेला पोचते त्या क्षणी तो पायांच्या जोरावर तिला पुढे वर नेतो. ती अर्ध्या ठोक्याने आधी उडाली तर त्याच्या हाती पडता भार येतो. उशिरा उडाली तर त्याला निव्वळ खांद्यांनी ओढावं लागतं आणि त्याची पाठ मागे वाकते. म्हणून उचलण्याचा दर्जा वर नाही, खाली बघायचा: दोघांचे गुडघे एकदम वाकले का?

आणि मग उतरणं. इथे डोळे मिटलेले बरे. पॉइंट शूजच्या, म्हणजे पायाच्या टोकावर उभं राहण्याच्या बुटांच्या, टोकात कापड, कागद आणि डिंकाचे थर असतात. बूट नवा असताना ते कडक असतं आणि लाकडी फळ्यांवर खट् असा आवाज येतो. भागीदाराने शेवटच्या वीतभर अंतरात तिचा भार धरून ठेवला तर आवाज येत नाही. सोडला तर येतो. कितीतरी टाळ्या घेणाऱ्या जोड्या या एका चाचणीत उघड्या पडतात. वर नेताना दोघांनाही उत्साह असतो. खाली आणताना दमलेल्या हातांनी सभ्य राहणं अवघड.

'जिझेल'चा दुसरा अंक या दृष्टीने पाठ्यपुस्तकच म्हणावा. १८४१ साली पॅरिसमध्ये आलेलं हे बॅले. लग्नाआधी मेलेल्या मुलींचे आत्मे रात्री जंगलात फिरतात आणि सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. जिझेल त्यांच्यातलीच एक, पण जिवंतपणी आपल्याला फसवणाऱ्या आल्ब्रेख्टला ती वाचवते. संथ भागात व्हायोला एकट्याने वाजतो. इथे आल्ब्रेख्टने तिला उचलताना कष्ट दिसले तर गोष्टच कोसळते, कारण त्याच्या हातात वजन नसलेलं काहीतरी आहे असं आपल्याला वाटायला हवं. काही ठिकाणी तो तिला जमिनीपासून जेमतेम फूटभर उचलून पुढे नेतो. उंच उचलण्यापेक्षा हे जास्त थकवणारं असतं, आणि याला टाळ्या पडत नाहीत. मला विचाराल तर नर्तकाची खानदानी इथे दिसते.

'स्लीपिंग ब्यूटी'च्या लग्नाच्या प्रवेशातले 'फिश डाइव्ह' वेगळ्या जातीचे. ती गिरकी संपवते न संपवते तोच तो तिला मांडीवर झेलून डोकं जमिनीकडे करून तिरकं धरतो. असे तीन, एकापाठोपाठ, आणि सर्वांत शेवटच्या पोझमध्ये दोघांचेही हात मोकळे. ती त्याच्या पाठीमागे अडकवलेल्या पायावर आणि त्याच्या मांडीवर तोलून असते. १९२१ साली रशियन बॅले-निर्माता दियागिलेव्हने लंडनमध्ये हे बॅले केलं तेव्हा ते त्यात आले. बघताना तिन्ही वेळा तिचा चेहरा जमिनीपासून सारख्याच उंचीवर थांबतो का, एवढंच तपासा.

संगीत कोण धरून आहे?

इथे आपल्या प्रेक्षकाची बाजू भक्कम आहे. तबलजी गवयाची साथ करतो तेव्हा नुसता ठेका पुरेसा नसतो; गवई जागा कुठे घेणार, समेवर सरळ येणार की थोडा रेंगाळून, हे त्याला आधी जाणवावं लागतं. पा द दमध्ये पुरुषाचं काम पुष्कळ अंशी तसंच. एखादी बॅलेरिना स्वराच्या किंचित पुढे असते, एखादी स्वर संपेपर्यंत पाय खाली आणत नाही. ओडेटचा पाय हळूहळू वर उलगडतो तेव्हा व्हायोलिनचा सूर आधी संपतो की पाय आधी पोचतो, ते बघा. मग त्याचा हात तिच्याबरोबर थांबतो की संगीताबरोबर पुढे निघतो, ते बघा. हात पुढे निघाला की ती घाईत ओढली जाते, आणि आपल्याला कारण न कळताही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

ध्वनिमुद्रित संगीतावर नाचताना हे जवळजवळ अशक्य होतं, कारण तिथे वाट पाहणारा वाद्यवृंदच नसतो. शक्य असेल तेव्हा वाद्यवृंदासहचा प्रयोग गाठा.

नजर: कधी बघतात आणि कधी टाळतात

"दोघांमध्ये केमिस्ट्री आहे" हे वाक्य मला पोकळ वाटतं, कारण ते बोलून झाल्यावर बघण्यासारखं काही हातात राहत नाही. त्याऐवजी विचारा: ती नजर कोणत्या स्वरावर उचलते? ओडेट सुरुवातीला जवळपास पूर्ण वेळ नजर चुकवते. ती पहिल्यांदा त्याच्याकडे नीट कधी बघते हे प्रत्येक बॅलेरिनाचं वेगळं असतं, आणि त्या जागेवरून तिची ओडेट कशी आहे ते ठरतं. सिगफ्रिडने त्याआधीच आशेने तिच्याकडे टक लावली असेल, तर तिच्या बघण्याला अर्थ राहत नाही.

ब्रिटिश नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलनच्या बॅलेंमध्ये हे सर्वांत तीव्र होतं. त्याचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' ९ फेब्रुवारी १९६५ ला लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये आलं. रचना घडली लिन सीमोर आणि क्रिस्टोफर गेबल यांच्या अंगावर. पहिल्या रात्री मात्र मार्गो फाँटेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह नाचले. प्रोकोफिएव्हच्या संगीतावरचा सज्जाखालचा प्रवेश घ्या. ज्युलिएट तोल सांभाळत नाही, तो मुद्दाम सोडून देते आणि रोमिओ तिला त्या सोडलेल्या तोलात धरतो. शास्त्रशुद्ध अदाज्योत अक्ष ढळला तर चूक; इथे अक्ष ढळणं म्हणजेच प्रेमात पडणं. १९७४ च्या 'मॅनन'मध्ये शेवटच्या दलदलीच्या प्रवेशात हेच टोकाला जातं: मरणाला टेकलेली स्त्री हवेत फेकली जाते, फिरते आणि झेलली जाते. तिथे सुबक झेलणं मला खटकतं. ते थोडं भेदरलेलं असायला हवं.

आता जोड्या शेजारी ठेवा

एकच प्रवेश निरनिराळ्या जोड्यांकडून बघणं हा या सगळ्याचा गाभा आहे, त्यामुळे इथे घाई नको.

फाँटेन आणि नुरेयेव्हपासून सुरुवात करणं स्वाभाविक आहे. नुरेयेव्हने जून १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत संघ सोडला. २१ फेब्रुवारी १९६२ ला दोघं प्रथम एकत्र 'जिझेल' नाचले. ती ४२ वर्षांची, तो २३ चा. त्याआधी तिच्या शेजारी रॉबर्ट हेल्पमन होता, मग मायकेल सोम्स, दोघेही तिला पुढे करून स्वतः मागे राहणारे. नुरेयेव्ह मागे राहिला नाही. १९६४ मध्ये व्हिएन्नात त्यांच्या 'स्वान लेक'नंतर ८९ वेळा पडद्यापुढे यावं लागलं, हा आकडा गिनीजच्या नोंदीत आहे. पुढे तिथेच चित्रित झालेला 'स्वान लेक' बघायला मिळतो. तो बघताना लक्षात येईल की दोघांच्या शैली जुळत नाहीत. तिची रेषा शांत, मोजकी. त्याचं अंग सतत काहीतरी मागणारं. जोडी टिकते ती या ताणावर. तो तिच्यासमोर असा नाचतो की तिला उत्तर द्यावंच लागतं.

आता याच्या अगदी उलट जोडी: अँटोनेट सिब्ली आणि अँथनी डॉवेल. नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टनने १९६४ मध्ये 'द ड्रीम'साठी दोघांना एकत्र आणलं. शेवटी परीराणी टिटानिया आणि तिचा राजा ओबेरॉन यांचा समेटाचा पा द द येतो, त्यात दोघांचे हातपाय एकाच कोनात उघडतात, एकाच क्षणी मिटतात. अंगाची प्रमाणं सारखी, संगीताचा कानही सारखा. मला ही जोडी फाँटेन-नुरेयेव्हपेक्षा अधिक प्रिय आहे. त्या दोघांना बघताना मी दोन महान कलाकार बघतो. सिब्ली आणि डॉवेल यांना बघताना एकच विचार दोन अंगांतून जाताना दिसतो. ॲश्टनच्या 'सिंडरेला'चं १९६९ चं चित्रीकरण मिळालं तर सोडू नका.

मॉस्कोची जोडी येकातेरिना माक्सिमोवा आणि व्लादिमिर वासिलयेव्ह. बोल्शोईच्या शाळेत लहानपणापासून बरोबर, पुढे नवराबायको. ती चणीने लहान आणि लखलखीत, तो रुंद छातीचा आणि भन्नाट झेपेचा. १९६८ च्या ग्रिगोरोविचच्या 'स्पार्टाकस'मध्ये तो बंडखोर गुलाम स्पार्टाकस आणि ती त्याची बायको फ्रिगिया. एका हातावर स्त्रीला डोक्यावर उंच धरण्याची बोल्शोईची खास रीत तिथे कथेतूनच येते: गुलामाकडे जे काही उरलं आहे ते तो जगापेक्षा वर धरतो. हीच हालचाल इतरत्र फक्त टाळ्यांसाठी केली जाते तेव्हा मला ती नकोशी होते. त्या बॅलेच्या चित्रपटात फ्रिगिया नतालिया बेस्मेर्तनोवा आहे. हे आपल्या पथ्यावर पडतं. माक्सिमोवाबरोबरचं 'नटक्रॅकर'चं चित्रीकरण शेजारी ठेवा, आणि तोच पुरुष दोन स्त्रियांबरोबर किती वेगळा वागतो ते बघा. लांब हातांच्या, धूसर बेस्मेर्तनोवाला तो जपतो. माक्सिमोवाशी तो खेळतो.

अलीकडच्या 'जिझेल'चा संच असाच लावता येतो. अलिना कोजोकारू आणि योहान कॉबॉर्ग, नतालिया ओसिपोवा आणि कार्लोस अकोस्टा, मारियानेला नुन्येझ आणि वादिम मुंतागिरोव्ह, ही तिन्ही रॉयल बॅलेची चित्रीकरणं. रचना एकच, मंचही एकच. दुसऱ्या अंकात आल्ब्रेख्टला जिझेल प्रथम जाणवते पण दिसत नाही, ती जागा तिन्हींत बघा. कोजोकारू हातातून निसटते, ओसिपोवा जमिनीला टेकतच नाही असं वाटतं, आणि नुन्येझचा शांतपणा मुंतागिरोव्हच्या लांब रेषेला असा मिळतो की त्यांचं नाचणं एका दमात गेल्यासारखं भासतं. तिघींपैकी कोणती आवडली हे महत्त्वाचं नाही. का आवडली ते हातांच्या, गुडघ्यांच्या आणि नजरेच्या भाषेत सांगता यायला हवं.

उंचीचा मुद्दाही ध्यानात ठेवा. ती टोकावर उभी राहिली की चांगली पाच-सहा इंच वाढते. पुरुष तिच्याहून पुरेसा उंच नसेल तर डोक्यावर हात धरून फिरवताना त्याची कोपरं ताणली जातात. उत्तम कलाकार असूनही एखादी जोडी कंपनी कधीच एकत्र लावत नाही, त्यामागे कारण अनेकदा एवढंच असतं.

पुरुष नुसता खांब आहे का?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये पुरुष नर्तकाची किंमत इतकी घसरली होती की १८७० च्या 'कोपेलिया'त नायक फ्रान्झ ही भूमिका युजेनी फिओक्र या स्त्रीने केली. पुरुषाला नुसता उचलणारा मानण्याची ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाला सर्वांत मोलाचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलनशीनने दिलं. १९५७ च्या 'अगॉन'मध्ये स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर, साध्या काळ्या-पांढऱ्या तालमीच्या कपड्यांत, डायना ॲडम्स आणि आर्थर मिचेल नाचले. ती गोरी, तो काळा, आणि अमेरिकेत ते लिटल रॉकच्या शाळेचं वर्ष, म्हणजे गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलांच्या प्रवेशावरून पेटलेल्या वादाचं. पोशाखाचा आडोसा नसल्याने एकमेकांना धरलेला प्रत्येक हात उघडा दिसत होता. एका जागी तो जमिनीवर पाठीवर झोपून, एका हाताने तिला वर टोकावर उभी ठेवतो. आधार देणारा नेहमी मागे उभा असतो ही कल्पनाच तिथे मोडते. १९६७ च्या 'डायमंड्स'मध्ये सुझॅन फॅरल आणि जाक द'अंब्वाज मंचाच्या दोन टोकांकडून थांबत थांबत एकमेकांकडे चालत येतात. शेवटी तो गुडघा टेकतो. फॅरल तोल अशा जागी नेत असे जिथे तो राहण्याची खात्री नसे, आणि तिच्या भागीदाराला ती पडण्याआधी नव्हे, तर ती तिथे पोचल्यावरच हात द्यावा लागे. बॅलनशीन शेवटी बघा, कारण नियम कुठे मोडला हे कळायला आधी नियम अंगवळणी पडलेला लागतो.

थिएटरात जाताना

लंडन किंवा न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ही संधी दारात आहे. तिकीट काढताना बॅलेचं नाव नव्हे, तारखेसमोरची जोडी बघून काढा. रॉयल बॅले आणि अमेरिकन बॅले थिएटर या दोघांच्या वेबसाइटवर कोणत्या दिवशी कोण नाचणार ते आधी दिलेलं असतं. एकाच बॅलेची दोन स्वस्त तिकिटं दोन वेगळ्या जोड्यांसाठी काढणं हे एका महाग तिकिटापेक्षा नक्कीच लाभाचं. सव्वादोन हजारांहून अधिक आसनांच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वरची ॲम्फिथिएटरची जागा हंसांच्या रांगा दिसायला उत्तम, पण हात बघायचे तर दुर्बीण लागेलच. अगदी बाजूची जागा घेऊ नका. अदाज्योत पुरुष तिच्या मागे झाकला जातो. दुर्बीण सारखी लावून बसायचं नाही. पहिला स्पर्श, उचलण्याआधीचा क्षण, उतरणं, एवढ्यापुरती ती डोळ्यांना लावा आणि मग पूर्ण मंच बघा.

भारतात असाल तर २०१४ पासून होत आलेला वर्ल्ड बॅले डे चुकवू नका. शरद ऋतूत त्या दिवशी मोठ्या कंपन्या वर्ग आणि तालमी इंटरनेटवर मोफत दाखवतात. प्रयोगापेक्षा तालमीत जास्त शिकायला मिळतं: शिक्षिका थांबवते, "तिचा भार तुझ्याकडे लवकर आला" असं काहीतरी सांगते, दोघं पुन्हा करतात, आणि पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतला फरक तुमच्या डोळ्यांदेखत घडतो. तो फरक ओळखता आला की समजा बघणं जमू लागलं.

आपल्याकडेही या कलेचा धागा जुना आहे. १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनला रशियन बॅलेरिना ॲना पावलोवा राधा आणि उदय शंकर कृष्ण म्हणून उभे राहिले. मुंबईत राहणाऱ्या कथक नर्तकी मादाम मेनकांना पावलोवाने उत्तेजन दिलं, आणि पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली.

नोंद ठेवा, पण थोडी

प्रयोग संपल्यावर त्याच रात्री चार ओळी लिहा. बॅले, तारीख, जोडी. त्याच्या हातांबद्दल एक निरीक्षण. उतरण्याचा आवाज आला की नाही. तिने नजर कुठे उचलली. "अप्रतिम", "भारावून गेलो" असले शब्द वहीत येऊ देऊ नका. ते आठवड्याभरात सगळ्या प्रयोगांना सारखेच दिसतात. काही महिन्यांनी तोच प्रवेश दुसऱ्या जोडीचा बघाल, तेव्हा आधी वही उघडा आणि मग व्हिडिओ लावा. क्रम असा ठेवता येईल: आधी ओडेट आणि सिगफ्रिड, मग 'जिझेल'चा दुसरा अंक, मग रोझ अदाज्यो, त्यानंतर मॅकमिलनचा सज्जा, 'द ड्रीम', 'स्पार्टाकस', आणि सगळ्यात शेवटी 'अगॉन'.